इंदूरमध्ये घरगुती उद्योगासाठी पहिलं कर्ज: नाव, खातं, वही आणि मग बँक

सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, कुठल्याही गल्लीत शिरा, घरून चालणारे दोन-तीन धंदे सापडतातच. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दिवाळीचा फराळ, डबे, ब्लाउज, फॉल-पिको. गिऱ्हाईक बांधलेलं असतं, हात चांगला असतो, आणि तरी बँकेतून ‘पेपर्स पूरे करके आइए’ ऐकून परत यावं लागतं. चकली किती खुसखुशीत आहे हे बँकेला मोजता येत नाही, खात्यात किती आले आणि कधी आले एवढंच मोजता येतं. म्हणून कर्जाची खरी तयारी बँकेत पाऊल टाकण्याच्या सहा महिने आधी घरी बसून करायची असते. खालचा क्रम शक्यतो मोडू नका. अपवाद एकच आहे, तो सरकारी अनुदानाच्या भागात सांगितला आहे, तेवढा भाग दुसरी पायरी चढण्याआधी वाचून घ्या.

पायरी १: सगळ्या कागदांवर एकच बाई

आधार, पॅन, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब आणि सदस्य ओळख क्रमांक) आणि पासबुक ही चार कागदं शेजारी शेजारी ठेवा. नाव, जन्मतारीख आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

मराठी घरांत इथे एक जास्तीची अडचण असते. लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, काही घरांत पाटावर तांदळात नवं नावही लिहिलं जातं. मग मार्कशीटवर ‘वैशाली’, आधारवर ‘मृणाल’. त्यात समग्रची नोंद करणाऱ्याने मधलं नाव गाळलेलं असतं, किंवा आपल्या सवयीने मागे ‘बाई’ जोडलेलं असतं. ‘मृणाल श्रीकांत जोशी’, ‘मृणाल जोशी’ आणि ‘मृणाल बाई’ या संगणकाच्या लेखी तीन वेगळ्या बायका आहेत.

दुरुस्ती आधारपासून सुरू करा. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा कोणतं रूप कायम ठेवायचं ते आधी घरी ठरवा. नुसतं आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र पुरतं. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, प्रसिद्ध झालेली नोंद लागू शकते आणि त्याला वेळ लागतो. आधारनंतर पॅन, मग समग्रची ई-केवायसी, शेवटी बँक. पॅनवर लग्नानंतरही वडिलांचंच नाव राहतं. ती चूक नव्हे, ते बदलायच्या फंदात पडू नका.

याच फेरीत आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घ्या. पुष्कळदा तिथे यजमानांचा नाहीतर मुलाचा नंबर असतो. पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येणार, आणि मुलगा पुण्याला नोकरीत असेल तर दर वेळी त्याची मीटिंग संपायची वाट पाहत बसावं लागेल.

पायरी २: उद्यम नोंदणी

१ जुलै २०२० पासून लहान उद्योगांची नोंदणी ‘उद्यम’ पोर्टलवर होते. ती पूर्ण फुकट आहे. आधार, पॅन आणि ओटीपी एवढ्यावर अर्ध्या तासात काम होतं. पोर्टलचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. गुगलवर शोधलं की हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी पानं आधी येतात आणि हजार-दोन हजार रुपये फी मागतात. फी मागितली की पान बंद करा.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे घाईत पतीच्या आधारवर नोंदणी करणं, कारण ओटीपी त्यांच्या फोनवर लगेच येतो. मग कागदोपत्री उद्योग त्यांचा होतो आणि महिलांसाठीची प्रत्येक सवलत तिथेच संपते. मालक म्हणून तुमचंच नाव, तुमचंच पॅन. एकटीचा धंदा असेल तर फर्मला वेगळं पॅन लागत नाही.

खाण्याचा पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच. तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा असतो, तेव्हा लेबलं छापायला टाकण्याआधी तो घ्या. लेबलं आधी छापून मग प्रत्येक पाकिटावर नंबराचे स्टिकर चिकटवत बसणं आपल्याकडे फार चालतं. जीएसटीची घाई नको. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे ती नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर, म्हणजे पुण्या-मुंबईला माल विकणार असाल तर मात्र आधी कर सल्लागाराला विचारा.

पायरी ३: धंद्याचं खातं वेगळं

घरखर्च, लाडली बहनाचे (राज्य सरकारकडून महिलांना दरमहा मिळणाऱ्या मदतीचे) पैसे, भिशीचा हप्ता आणि मसाल्याची विक्री एकाच पासबुकात असेल, तर बँकेला त्यातून धंदा वेगळा काढता येत नाही आणि ती काढायच्या भानगडीत पडतही नाही. उद्यम प्रमाणपत्र दाखवून फर्मच्या नावाने चालू खातं उघडा. कमीत कमी शिल्लक किती ठेवावी लागते ते दोन-तीन बँकांत विचारून मगच ठरवा, कारण शिल्लक कमी पडली की दंड कापला जातो. जनधन खात्यावर धंदा चालवू नका. त्या प्रकारच्या खात्यात महिन्याला फुकट पैसे काढण्यावर मर्यादा असते.

नवं खातं उघडताना फॉर्मवर थेट लाभ, म्हणजे डीबीटी, या खात्यात हवा का असं विचारणारा एक चौकोन असू शकतो. तिथे नकळत खूण केली तर लाडली बहनाची रक्कम पुढच्या महिन्यापासून या खात्यात येऊ लागते, जुनं खातं कोरडं दिसतं आणि घरात उगाच धावपळ होते.

क्यूआर कोड या नव्या खात्याचाच लावा. रोख मिळाली तरी आठवड्याला एकदा खात्यात भरा, भले १,२०० रुपये असोत. सहा महिन्यांत पंचवीस-सव्वीस लहान नोंदी दिसल्या तर चालता धंदा दिसतो. शेवटच्या आठवड्यात एकदम भरलेले ६०,००० मात्र उसने आणून भरल्यासारखे दिसतात, आणि बहुतेक वेळा ते तसेच असतात.

पायरी ४: वही

सॉफ्टवेअर नको. लांब वहीत पाच रकाने आखा: तारीख, काय, आले, गेले, उधारी. उधारीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण दुकानदार ‘महिने के आखिर में’ म्हणतो तेव्हा खरोखर किती दिवसांनी देतो हे त्यातूनच कळतं.

सियागंजात, म्हणजे किराण्याच्या घाऊक बाजारात, धणे-मिरची घेताना पक्कं बिल मागा, फर्मच्या नावाने. कच्च्या चिठ्ठीवर किलोमागे दोन-तीन रुपये सुटत असतील, पण बँकेसमोर ती चिठ्ठी कचरा आहे.

भिशी तुम्ही दहा वर्षं न चुकवता भरली असेल. शिस्त म्हणून ती उत्तम, पण तिची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे बँकेच्या लेखी ती शून्य. त्याऐवजी दरमहा ५०० रुपयांचं आरडी, म्हणजे आवर्ती ठेव खातं, उघडलं तर निदान स्टेटमेंटमध्ये दिसतं.

दुसऱ्या वर्षापासून आयकर विवरण भरा, कर शून्य असला तरी. लहान धंद्यासाठी उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्गे किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा नफा धरून विवरण भरायची सोय आहे. दोन वर्षांची विवरणं हाती असली की मोठ्या कर्जाचं बोलणं सोपं जातं.

पायरी ५: क्रेडिट रिपोर्ट

सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या कोणी कोणतं कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद ठेवतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. गुण ३०० ते ९०० यांत असतात. कधी कर्जच घेतलं नसेल तर गुणांच्या जागी उणे एक किंवा ‘एनएच’ दिसतं. त्याचा अर्थ इतिहास नाही इतकाच. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज निव्वळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे.

रिपोर्टात पाहायचं काय? तुमच्या नावावर तुम्हाला माहीत नसलेलं कर्ज आहे का. पतीच्या मोटरसायकलसाठी सहअर्जदार म्हणून केलेली सही, नणंदेच्या गटकर्जातली जामिनी, हप्त्यावर घेतलेला फोन, सगळं तिथे असतं. चूक आढळली तर त्या कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. एक गोष्ट कटाक्षाने टाळा: एकाच महिन्यात चार बँकांत आणि दोन मोबाइल ॲपवर अर्ज करणं. प्रत्येक चौकशी रिपोर्टात उमटते आणि पाहणाऱ्याला वाटतं, या बाईंना सगळीकडून नकार येतोय.

पायरी ६: कर्ज किती हवं?

बँकेत हा प्रश्न आला की उत्तर येतं ‘जितकं मिळेल तितकं’. तिथेच अर्ज कच्चा पडतो. आकडा असा काढा.

समजा महिन्याला ४५,००० रुपयांचा मसाला आणि मेतकूट विकलं जातं. कच्चा माल २७,०००, पाकिटं-लेबलं ३,०००, दळण, गॅस आणि रिक्षा मिळून ३,०००. खर्च झाला ३३,०००, म्हणजे दिवसाला १,१००. उरतात १२,०००, आणि त्यात तुमची स्वतःची मजुरी अजून धरलेली नाही.

आता पैसा किती दिवस अडकतो ते मोजा. मिरची आणली, ऊन दाखवलं, भाजली, यात १० दिवस. दळून, भरून, दुकानांत पोचवेपर्यंत ५ दिवस. दुकानदार पैसे देतो ३० दिवसांनी. एकूण ४५ दिवस. १,१०० गुणिले ४५, म्हणजे ४९,५००. एवढं खेळतं भांडवल सतत लागतं. त्यातलं २०,००० स्वतःचं असेल तर कर्जाची गरज साधारण ३०,००० ची आहे, दोन लाखांची नव्हे.

हाच हिशेब दुसरीकडूनही वाचा. दुकानदाराने ३० ऐवजी १५ दिवसांत पैसे दिले तर भांडवल ३३,००० वर येतं. १६,५०० रुपये कर्ज न काढता मोकळे झाले. तेव्हा बँकेआधी एकदा दुकानदाराशी बोला. लवकर पैसे देणाऱ्याला सूट द्यायची असेल तर ती वाचणाऱ्या व्याजापेक्षा जास्त होत नाही ना, ते आधी मोजा.

माल भरायला लागणारा पैसा आणि मशीनला लागणारा पैसा वेगळा मागा. मालासाठी कॅश क्रेडिट मर्यादा बरी: जेवढे उचललेत तेवढ्यावरच व्याज, दिवाळीनंतर भरून टाकले की व्याज थांबतं. मशीनसाठी मुदत कर्ज. दिवाळीच्या तुपा-बेसनासाठी तीन वर्षांचं मुदत कर्ज काढलं, तर लाडू संपल्यावर दोन दिवाळ्या उलटून जातात तरी हप्ते चालूच राहतात.

हप्ता किती झेपेल हे चांगल्या महिन्यावरून ठरवू नका. पापडवालीचा पावसाळा आणि फराळवालीचा मार्च डोळ्यांसमोर ठेवा. त्या महिन्यात जे उरतं त्याच्या एक तृतीयांशापेक्षा हप्ता मोठा नको.

पायरी ७: कोणाच्या दारी जायचं

*मुद्रा.* एप्रिल २०१५ पासूनची ही योजना. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईंसाठी शिशु पुरेसं आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. मुद्रा स्वतः कर्ज देत नाही, बँकच देते. ‘मुद्रा से सीधा पास करवा देंगे’ असा फोन आला तर तो ठेवून द्या.

*हातठेला, फुटपाथ किंवा टोपली असेल तर* पीएम स्वनिधी. पहिलं कर्ज १५,०००, वेळेत फेडलं तर २५,०००, मग ५०,०००. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सूट परत मिळते. त्यासाठी नगर निगमचं विक्रेता ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं, तेव्हा सुरुवात झोन कार्यालयातून.

*बचत गट.* शेजारच्या दहा ते वीस जणी. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेत परतफेड आणि चोख वही ही पंचसूत्री सहा महिने पाळली की गट बँकेच्या कर्जाला पात्र ठरू शकतो. चांगलं वाटतं, पण एक पाहा: गटात एकच काकू लिहू-वाचू शकत असतील आणि वही त्यांच्याच घरी राहत असेल, तर भांडणाची तारीख ठरलेलीच आहे. वही दर सहा महिन्यांनी दुसरीकडे द्या.

*मायक्रोफायनान्स.* घरी येऊन चटकन देतात, व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी हे कर्ज असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, असे नियम आहेत. मुदतीआधी फेडल्यास दंडही नाही. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढायची वेळ आली, तर तिथेच थांबून पहिल्या कंपनीशी मुदत वाढवण्याचं बोला.

*अनुदानाच्या योजना, आणि तो अपवाद.* पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, महिलेला प्रकल्पखर्चाचे ५ टक्के स्वतःचे घालावे लागतात आणि शहरात २५, गावात ३५ टक्के अनुदान असतं. मध्य प्रदेशाच्या मुख्यमंत्री उद्यम क्रांती योजनेत व्याजात ३ टक्के सवलत सात वर्षांपर्यंत मिळते. पण या योजना नव्या उद्योगासाठी आहेत. तुम्ही आधीच उद्यमवर ‘तीन वर्षांपासून चालू’ असं लिहून बसलात तर युनिट जुनं ठरतं आणि दार बंद होतं. मोठं मशीन घेऊन नवं युनिट टाकायचा विचार असेल तर दुसऱ्या पायरीआधी जिल्हा व्यापार एवं उद्योग केंद्रात जाऊन या. चालू असलेल्या खाद्य उद्योगासाठी पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म खाद्य उद्योगांची केंद्राची योजना बनवली आहे: प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान. तिचा अर्ज भरून द्यायला जिल्ह्यात नेमलेला माणूस असतो, त्याला तुम्ही काही द्यायचं नसतं. यांतली कुठलीही योजना अर्जाच्या दिवशी चालू आहे का, एवढं त्याच केंद्रात विचारून घ्या.

अनुदान हातात रोख येत नाही हेही आधीच समजून घ्या. पीएमईजीपीत ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं आणि नंतर कर्जात जमा होतं. मशीनचे पैसेही बँक थेट विक्रेत्याला देते, म्हणून जीएसटी नंबर असलेलं कोटेशन लागतं. पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं मशीन, घेत असाल तर वीज जोडणीचा खर्चही प्रकल्पात लिहा. घरगुती मीटरवर मोठी मोटर चालवली की आधी शेजाऱ्यांचे दिवे मिणमिणतात, मग वीज कंपनीचा माणूस येतो.

पायरी ८: बँकेत

महिन्याचा पहिला आठवडा पेन्शनच्या गर्दीचा, मार्चअखेर हिशेबाचा. हे दोन्ही टाळा. जिथे चालू खातं आहे त्याच शाखेत जा. फाइलमध्ये आधार, पॅन, समग्र, उद्यम, एफएसएसएआय, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, खरेदीची बिलं, उधारीचं पान, घर भाड्याचं असेल तर घरमालकाचं ना-हरकत पत्र, आणि वर काढलेला हिशेब एका कागदावर. हिशेबाचा तो कागद सर्वांत वर ठेवा.

‘पति क्या करते हैं?’ हा प्रश्न येणारच. शांतपणे उत्तर द्या, पण त्यांना सहअर्जदार करायची सूचना आली तर आधी त्यांचाही रिपोर्ट पाहा. त्यांचा जुना थकलेला हप्ता तुमचा स्वच्छ अर्ज बुडवू शकतो. लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एफडी किंवा दागिने ठेवायला सांगितलं तर ‘लिहून द्या’ एवढंच म्हणा.

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसकट. नकार आला तर कारण लेखी मागा. शाखेत आणि वरच्या कार्यालयात तक्रार करून ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मंजुरीनंतर सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो, तोच आकडा खरा. एक उदाहरण: ५०,००० रुपये, २४ महिने, १२ टक्के. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे २,३५४ आणि एकूण व्याज साधारण ६,५००. तेच १२ टक्के ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, असतील तर हप्ता २,५८३, व्याज १२,०००, आणि खरा दर जातो साडेएकवीस टक्क्यांच्या घरात. तोंडी दोघंही ‘बारा टक्के’च म्हणतात. विम्याचा फॉर्म मधेच सरकवलेला असेल तर तो काय आहे ते विचारा आणि नको असेल तर बाजूला ठेवा.

कर्ज आल्यावर

पैसे धंद्याच्याच खात्यातून खर्च करा. दिराच्या ऑटोची दुरुस्ती त्यातून झाली तरी हप्ता आणि रिपोर्ट तुमच्याच नावावर राहणार. हप्ता ५ तारखेला जात असेल तर ३ लाच शिल्लक तपासा, कारण दुकानदाराचा चेक ५ ला भरला तर ५ ला जमा होईलच असं नाही. हप्ता परतला की दोन्हीकडून दंड लागतो आणि रिपोर्टात डाग राहतो. एखादा महिना खरोखर अवघड दिसत असेल तर तारीख उलटण्याआधी शाखेत जाऊन सांगा. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत वर्गात जातं आणि मग मॅनेजरच्या हातातही फारसं काही उरत नाही.

शेवटचा हप्ता भरला की ना-देय प्रमाणपत्र मागून घ्या. महिन्या-दीड महिन्याने रिपोर्ट काढून कर्जापुढे ‘क्लोज्ड’ आलंय का ते पाहा. ते दिसलं की किशोरचा अर्ज भरायला घ्या.